गेटबाहेरच्या गाड्या

माझ्या प्रोजेक्टमुळे माझ्या काकांचं गॅलरीत बसणं बंद झालं. प्रोजेक्टच्या अहवालात असलं वाक्य चालत नाही, म्हणून ते इथे लिहिते आहे.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. सरकारी खात्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि वाघोलीत पहिल्या मजल्यावरचा एक लहान फ्लॅट घेऊन राहिले. त्यांना जुना दमा आहे. सकाळची वंदना झाली की ते गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे, पेपर वाचायचे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल काहीतरी शेरा मारायचे. गॅलरीच्या खाली एक गल्ली, आणि गल्लीच्या पलीकडे एका मोठ्या गोदामाची भिंत. त्याच गोदामात मला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मिळाला. आमचं घर कर्वेनगरला. तिथून वाघोली म्हणजे शहराचं दुसरं टोक, बसमध्येच अर्धा दिवस जाणार. म्हणून मी मावशीकडे राहायला गेले.

प्रोजेक्ट म्हणजे काय हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं. आई सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाते, बाबा रंगकाम करतात. कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली.

"पगार देतात का?" आईनं विचारलं.

"नाही."

"मग काम कशाला करायचं?"

"शिकायला मिळतं."

"आणि शेवटी तयार काय होतं?" हे बाबांनी विचारलं. त्यांच्या कामात शेवटी भिंत तयार होते.

"अहवाल."

"म्हणजे कागद."

"हो," मी म्हणाले.

मात्र काम आवडलं तर तिथेच नोकरी मिळू शकते, असं गोदामाच्या मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते घरी सांगितलं आणि आईनं ते ज्या ज्या घरी पोळ्या करते तिथे सगळीकडे सांगितलं.

त्या गोदामात साबण, बिस्किटं, खाण्याचं तेल असा वेगवेगळ्या कंपन्यांचा माल येतो आणि ट्रकमधून जिल्ह्याजिल्ह्यांत जातो. हल्ली मोठ्या कंपन्या विचारतात, तुमच्या वाहतुकीतून धूर किती होतो, डिझेल किती जळतं, ते कमी करायला तुम्ही काय करता? त्याचं काहीतरी उत्तर हेड ऑफिसला हवं होतं. म्हणून साहेबांनी मला विषय दिला, 'मालवाहतूक पर्यावरणपूरक करण्यासाठी प्रक्रिया व्यवस्थापन'. मला तो एका दमात म्हणताही येत नव्हता. वर्गात 'प्रक्रिया व्यवस्थापन' हा पेपर मी पाठ करून पास झाले होते. काम कुठून सुरू होतं, कोणकोणत्या टप्प्यांतून जातं, कुठे अडतं, हे चौकोन आणि बाण काढून मांडायचं आणि मग अडलेलं सोडवायचं, एवढं लक्षात होतं.

आवारात पाऊल टाकलं तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो आवाज. ट्रक एकामागे एक उभे होते आणि सगळ्यांची इंजिनं चालू होती. कुणी कुठे जात नव्हतं. माल भरायच्या ओट्यावर, म्हणजे तिथे ज्याला डॉक म्हणतात तिथे, मोजक्याच गाड्या लागायच्या. बाकीच्या नुसत्या गुरगुरत उभ्या. मी एका ड्रायव्हरदादांना भीत भीत विचारलं, गाडी बंद का नाही करत? ते बीडकडचे होते, पिकलेल्या मिशांचे.

"ताई, बंद केली की नंबर गेला. रांग हलली अन् मी चावी मारीपर्यंत मागला आत घुसतोय. तो काय माझा पाव्हणा हाय व्हय थांबायला?"

मागचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मॅडम, इनकी बॅटरी भी इनके जैसी है, एक बार सोयी तो उठती नहीं!"

"तुझी तर गाडीबी धक्क्यानं चालती अन् तूबी!" दादांनी मागे न बघताच परतवलं.

सगळे हसले, मीही हसले. पण कारण खरं होतं. तिथे नंबर म्हणजे जागा. जो पुढे उभा, त्याचा नंबर पुढे. आणि आत माल तयार व्हायचा तो वेगळ्याच क्रमानं. पुढच्या गाडीचा माल तयार नसला तरी ती पुढेच, आणि मागच्याचा तयार असला तरी तो मागेच. गाडी सोडून चहाला जायचीसुद्धा सोय नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी दिवसभर डिझेल जळत होतं.

मी चौकोन काढायला बसले. आमच्या गाइड मॅडमनी दिलेल्या नमुन्यात पहिलाच प्रश्न होता, प्रक्रिया कुठे सुरू होते आणि कुठे संपते? मी साहेबांना विचारलं.

"गेट ते गेट," ते म्हणाले. "गाडी गेटमधून आत आली की सुरू, बाहेर गेली की संपलं. बाहेर काय चालतं ते आपलं नाही."

मॅडमही फोनवर म्हणाल्या, "छान आहे. स्कोप लहान ठेव, नाहीतर तू पसरत जाशील."

मी पहिल्या चौकोनात लिहिलं, 'गाडी गेटमधून आत येते'.

मला सुचलेला उपाय इतका साधा होता की तो सांगायचीच लाज वाटत होती. गाडी आली की ड्रायव्हरला नंबराचा बिल्ला द्यायचा, गाडी कुठेही लावू द्यायची, इंजिन बंद. ज्याचा माल तयार होईल त्याचा नंबर लाउडस्पीकरवर पुकारायचा. दवाखान्यात करतात तसं. साहेबांनी बरेच दिवस 'बघू' म्हणून काढले आणि मग एकदम म्हणाले, "करा. बिल्ले तुम्हीच आणा."

बिल्ले मी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून करून आणले. दुकानदारांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. "कोणत्या देवळाबाहेर चपला सांभाळणार आहात?"

"चपला नाही, ट्रक आहेत," मी म्हणाले.

"अस्सं. मग दोरी जाड लागेल," ते म्हणाले आणि शांतपणे नंबर छापायला घेतले.

पहिल्या दिवशी सगळा गोंधळ झाला. बिल्ल्याचा नंबर कुणी मानेना. मागे उभ्या असलेल्या गाडीचा पुकारा झाला तर पुढचे हलेनात. गेटवरच्या सुपरवायझरनी आवाज चढवला, ड्रायव्हरांनीही चढवला. पण एकदा कळलं की बिल्ला खिशात असला तर नंबर कुठे जात नाही, तेव्हा एकेक इंजिन बंद व्हायला लागलं. थोड्याच दिवसांत आवार इतकं शांत झालं की हमालांचं खोकी मोजणं ऐकू यायला लागलं. ड्रायव्हर सावलीला आडवे व्हायचे. बीडचे दादा तर कपडे धुऊन ट्रकच्या दोरीवर वाळत घालायचे.

काकांनी गॅलरीतून विचारलं, "आज गोदामाला सुट्टी आहे का गं?"

"नाही काका. गाड्या बंद आहेत, काम चालू आहे."

"म्हणजे सरकारी ऑफिसच्या बरोबर उलट," काका म्हणाले आणि पेपर उघडला. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे शाबासकीच होती.

हा एवढाच भाग आठवताना मला राग येत नाही.

साहेबांनी आवारातल्या भिंतीवर एक स्क्रीन लावला. गाडी आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत सरासरी किती वेळ लागतो, तो आकडा त्यावर दिसायचा. बिल्ल्यांमुळे आकडा कमी झालेला होता आणि तो रोज हेड ऑफिसला जायचा. तिथून शाबासकी आली आणि तिच्यामागोमाग मागणी आली, आणखी कमी करा. आता आणखी कमी कसा करणार? हमाल तेवढेच, डॉक तेवढेच. तेव्हा साहेबांनी गेटला हुकूम दिला, डॉक मोकळा झाल्याशिवाय गाडी आत घ्यायचीच नाही.

आकडा झपाट्यानं उतरला, कारण आत आलेली गाडी थेट डॉकला लागायची. आवार तर आता रिकामंच दिसायचं. हेड ऑफिसहून पाहुणे येणार, त्यांच्यासमोर मी सादरीकरण करणार, असं साहेबांनी ठरवूनही टाकलं.

आणि गाड्या बाहेर गल्लीत उभ्या राहायला लागल्या. बिल्ला गेटच्या आत मिळायचा, त्यामुळे गल्लीत पुन्हा जुनाच नियम. जो पुढे उभा त्याचा नंबर पुढे. पुन्हा बंपरला बंपर, पुन्हा सगळी इंजिनं चालू. फक्त आता ती काकांच्या गॅलरीखाली होती.

पहिले दोन-तीन दिवस काकांनी खुर्ची मागे सरकवून बघितली. मग खुर्ची आत घेतली. मग मावशीनं दार लावलं, खिडक्या लावल्या, आणि उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये पंखा नुसता गरम हवा फिरवत राहिला. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळी पूड बसायची. काका सारखे दम्याच्या पंपाकडे हात न्यायला लागले. बोलता बोलता थांबायचे. त्यांचे शेरे लहान झाले.

"आमच्या घराण्यातली पहिली मॅनेजरीण," ते एकदा धाप आवरत म्हणाले. "पहिला धूर घरच्यांनाच दिलात. परक्यांना विसरला नाहीत म्हणजे झालं."

"अहो, पोरीला कशाला बोलता?" मावशी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पण काय गं, तू आत सांगत का नाहीस?"

सांगायला मी साहेबांकडे गेले. केबिनबाहेर बराच वेळ वाक्यं जुळवली. आत गेल्यावर सगळी उलटसुलट झाली.

"सर, म्हणजे मला असं वाटतं, बिल्ला आपण गेटच्या बाहेरच द्यायला हवा. गल्लीच्या तोंडाशी. म्हणजे तिथूनच इंजिनं बंद होतील."

"आणि वेळ कुठून मोजायचा?"

"बिल्ला दिला तिथून."

"मग आकडा वाढेल."

"पण सर, धूर कमी होईल."

ते हसले. वाईट माणूस नव्हेत ते. मला चहा मागवायचे, बाहेर ऊन आहे, पंख्याखाली बसा म्हणायचे. ते म्हणाले, "अहो, हेड ऑफिसला आकडा जातो. धूर कुठे जातो?"

मला उत्तर माहीत होतं. धूर समोरच्या पहिल्या मजल्यावर जात होता. मी 'हो सर' म्हणून बाहेर आले आणि जिन्यात स्वतःवर चिडत उभी राहिले.

मग कॉलेजला जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मान हलवली.

"अगं, पण तुझा स्कोप गेट ते गेट आहे ना? मग गेटबाहेरचं शेवटच्या प्रकरणात टाक. 'पुढील संशोधनासाठी वाव'."

प्रत्येक अहवालाच्या शेवटी हे प्रकरण असतं. कुणी वाचत नाही. माझ्या काकांचा दमा 'पुढील संशोधनासाठी वाव' या मथळ्याखाली घालायचा होता. मी परतीच्या बसमध्ये खिडकीला टेकून मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते. मनातल्या मनात मी फार छान भांडते.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी चहा घेताना काका म्हणाले, "हे बघ, आमच्यासाठी तिथे काही बोलू नकोस. नोकरी पदरात पाडून घे. मी काय, दार लावून बसतो."

"दार लावून आयुष्य काढणार का?" मावशी म्हणाली.

"तुझ्याबरोबर काढलंच की," काका म्हणाले. मावशीनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

मी काय करणार हे मला खरंच ठरवता येत नव्हतं. नोकरी मिळाली तर बाबांना उंच परांचीवर चढायची कामं सोडता आली असती. पण पाहुण्यांसमोर उभी राहिले आणि स्क्रीनवर माझे चौकोन दिसले, तेव्हा पहिल्या चौकोनाच्या आधीची रिकामी जागा मला सहन होईना. सकाळीच मी तिथे एक चौकोन घातला होता आणि घाबरून परत झाकून ठेवला होता. तो उघडला. 'गाडी गल्लीत उभी राहते. इंजिन चालू.' सोबत गॅलरीतून काढलेला फोटो. मी म्हणाले, धूर कमी झालेला नाही, तो फक्त भिंतीच्या बाहेर गेला आहे.

साहेब ताबडतोब पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "हा भाग प्रोजेक्टच्या कक्षेत नाही, मॅडम."

हेड ऑफिसहून आलेल्या बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "ही गल्ली आपली आहे का?"

"नाही, सार्वजनिक आहे."

"आणि फोटोत आपल्याच गाड्या दिसताहेत?"

"हो."

"हे बरं दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "निरीक्षण चांगलं आहे तुमचं. थँक यू."

मी इतकी खूश झाले की जिना धावतच उतरले. 'हे बरं दिसत नाही' या वाक्यातला 'दिसत' हा शब्द तेव्हा मला टोचलाच नाही.

लवकरच गल्लीच्या तोंडाशी पाटी लागली, 'मालवाहू वाहनांस थांबण्यास सक्त मनाई'. पाटीखाली शिट्टी घेतलेला एक सिक्युरिटीवाला. गल्ली मोकळी झाली. मावशीनं दार उघडलं, गॅलरी धुऊन काढली, शिरा केला. काका खुर्ची घेऊन बाहेर बसले आणि म्हणाले, "मॅनेजरीणबाई, मानलं बुवा तुम्हाला!" ते मनापासून म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायला मी बस पकडली, आणि नगर रोडवर, म्हणजे हायवेवर, बस अडकली. खिडकीतून बघते तर रस्त्याच्या कडेला आमच्याच गाड्या. चहाच्या टपऱ्यांपासून पार पंक्चरवाल्यापर्यंत ओळीनं, सगळ्यांची इंजिनं चालू. बस त्यांच्यामुळेच अडकली होती.

मी उतरले. बीडचे दादा स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"दादा, इथे का?"

"गल्लीत शिट्टीवाला थांबू देत न्हाई. आता डॉक मोकळा झाला की गेटवरून फोन येतोय. फोन आला की ताबडतोब पोचायचं, न्हाईतर दुसऱ्याला लावत्यात. गाडी चालूच ठेवावी लागती, ताई. पैल्यापेक्षा जास्त."

'पैल्यापेक्षा जास्त' हे शब्द ऐकल्यावर मी कॉलेजला गेलेच नाही. मी तशीच गोदामात गेले. बिल्ल्यांची पिशवी गेटच्या खोलीत पडून होती. आवारात गाड्या थांबतच नव्हत्या, तर बिल्ले कुणाला लागणार? मी सुपरवायझरना म्हणाले, उद्या सकाळी मी हे हायवेवर वाटते, तुम्ही फोन करताना बिल्ल्याच्या क्रमानं करा आणि यायला जरा वेळ द्या. ते घाईत होते. "हां हां, करू," म्हणाले.

सकाळी मी हायवेवर उभी राहून बिल्ले वाटले. आयुष्यात एवढं मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. गाडी बंद करा, नंबर जाणार नाही, मी सांगते ना! ओळखीचे होते म्हणून त्यांनी ऐकलं. एकेक करत रस्त्याची ती कड जवळजवळ गप्प झाली. बीडच्या दादांना पहिला बिल्ला दिला होता. ते गाडी बंद करून टपरीवर गेले, चहा सांगितला, मलाही सांगितला.

मग गेटवरून फोन आला. तो मागच्या एका गाडीला आला. त्या गाडीनं इंजिन बंद केलं नव्हतं. ती आमच्या समोरून निघून गेली. मी बाजूला जाऊन गेटवर फोन लावला. सुपरवायझर म्हणाले, "अहो मॅडम, साहेबांनी सांगितलंय, जो लगेच पोचेल त्याला घ्या. डॉक रिकामा दिसता कामा नये. बिल्ल्याचं मला कुणी लेखी दिलेलं नाही."

मी परत आले तेव्हा दादा गाडीत चढत होते. त्यांच्या लक्षात आलं होतं.

"ताई, तुमच्या नादानं नंबर गेला की माझा."

"दादा, मी सांगितलं होतं त्यांना..."

"तुमी सांगितलं, मी ऐकलं. तिकडं कुणी ऐकलं न्हाई." त्यांनी बिल्ला खिडकीतून माझ्या हातात दिला आणि चावी फिरवली. गाडी एकदम सुरू होईना. मागचे हॉर्न द्यायला लागले. शेवटी सुरू झाली तेव्हा सगळा काळा धूर माझ्या अंगावर आला आणि पाठोपाठ बाकीच्यांनीही चाव्या फिरवल्या. मी बिल्ले गोळा करत फिरले. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

साहेबांना हे सगळं कळलेलं होतंच. मी केबिनमध्ये गेले तर त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. माझा चेहरा तसाच असणार.

"गेटबाहेर कंपनीचे बिल्ले वाटायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? गाडीनं कुणाला ठोकलं असतं, तुम्हालाच ठोकलं असतं, तर?" मग सूर खाली आणून म्हणाले, "असो. हेड ऑफिसचा फोन होता. तुम्हाला घ्यायचं म्हणताहेत. बाकीच्या गोदामांतही असंच करायचंय. फक्त अहवालातला तो गल्लीचा भाग काढा."

"का सर?"

"गल्ली मोकळी आहे ना आता? मग गल्लीत गाड्या उभ्या असतात असं लिहिणं खोटं नाही का?"

याला काय म्हणावं! बोलणं बरोबरच होतं आणि पूर्ण चुकीचंही होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला तिथे बसून मांडता येत नव्हतं. माझ्या हाताला डिझेलचा वास येत होता.

"मग हायवेवर उभ्या असतात, असं लिहिते," मी म्हणाले.

"लिहा की. आणि उद्या हायवेवरून हलवल्या तर? तुमचा पहिला चौकोन कुठपर्यंत नेणार आहात, नगरपर्यंत?"

"जिथे इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात तिथपर्यंत, सर."

एवढं एक वाक्य मी न अडखळता बोलले. साहेबांनी खांदे उडवले. "कॉलेजचा कागद आहे, तुम्ही काहीही लिहा. पण मग मी वर काय सांगू? मुलगी हुशार आहे, पण आपलाच आकडा खोटा म्हणते?" ते खरंच मला विचारत होते. मी म्हणाले, हो, तसंच सांगा. ते काय सांगणार आहेत, हे मला तेव्हाच कळलं होतं.

अहवालात मी हायवे लिहिला. मॅडमनी पास केलं. त्या भागाशेजारी पेन्सिलीनं 'स्कोप?' एवढंच लिहिलं. नोकरीचा फोन आला नाही. नंतर कळलं, माझ्याच वर्गातल्या एकाला घेतलं. तो दुसऱ्या गोदामात बिल्ले वाटतो, गेटच्या आत. माझा त्याच्यावर राग नाही. त्याच्या घरीही कुणी कॉलेजला गेलेलं नाही.

घरी मी सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. आईनं पीठ मळता मळता विचारलं, "म्हणजे नोकरी नाही?"

"नाही."

"आता त्या बायकांना काय सांगू मी? रोज विचारतात, लागली का मुलगी?"

"सांग, शोधते आहे."

"आणि त्या गाड्या? त्या तर रस्त्यावर तशाच उभ्या आहेत म्हणतेस."

"हो."

"धूर तसाच?"

"हो, तसाच."

"मग तुझ्या लिहिण्यानं झालं काय?"

मी आईवर ओरडले. तुला यातलं काही कळत नाही, असंही म्हणाले, आणि ते म्हणताना मला माहीत होतं की एवढ्या दिवसांत नेमका प्रश्न फक्त तिनंच विचारला होता. बाबा म्हणाले, "अगं, तिला नाही कळत, तर तू समजावून सांग." काय समजावणार? प्रक्रिया मला कळते, कुठे अडतं ते मला दाखवता येतं, कागदावर सोडवूनही दाखवता येतं. पण ज्यांच्या हातात गेट आहे त्यांना भिंतीबाहेरचं आपलं वाटावं, यासाठी कोणता चौकोन काढायचा ते मला कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.

आता मी दुसरीकडे अर्ज करते आहे. मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल विचारतात. मी सगळं सांगते, हायवेपर्यंत. परवा एकांनी मध्येच थांबवून विचारलं, "पण मग परिणाम काय झाला?" मी म्हणाले, "झाला नाही, सर. व्हायला हवा होता." त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलवायला सांगितलं.